तंजावरचे कागद आणि आमचा बंब

जानेवारीत तंजावरला जाऊन आले. फोटो पाठव म्हणून सगळ्यांचे निरोप आले, त्याप्रमाणे पाठवले. त्यावर "वा, छान!" असे अंगठेही आले. पण फोटोंत जे आलं नाही तेच गेले दोन महिने डोक्यात घोळतंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहायला बसलेय. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे. नानाकाका, तुम्ही वाचत असाल तर मधे एके ठिकाणी तुमचाही उल्लेख येणार आहे. रागावू नका, कारण गुन्हा माझाच जास्त आहे.

तर तंजावर. त्रिचीहून गाडीने तास-सव्वा तास. बहुतेक सगळे जातात ते बृहदीश्वराच्या देवळासाठी, आणि जावंच. ते राजराज चोळाचं हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, त्याबद्दल मी पामराने काय लिहावं! पण मराठी माणूस तंजावरला गेला की त्याचा एक डोळा देवळावर आणि दुसरा राजवाड्यावर असतो. माझंही तसंच. शाळेत असताना "शिवाजी महाराजांचे सावत्रबंधू व्यंकोजीराजे" एवढ्या एका ओळीत तंजावर संपलं होतं. त्या ओळीचं पुढे काय झालं ते बघायचं होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. व्यंकोजी ऊर्फ एकोजी १६७५-७६च्या सुमारास तंजावरात आले आणि त्यांचं घराणं १८५५ पर्यंत तिथे नांदलं. म्हणजे पेशवाई १८१८ ला बुडाली त्यानंतरही सदतीस वर्षं तिकडे दक्षिणेत एक मराठी दरबार भरत होता, कारभाराचे कागद मराठीत लिहिले जात होते. मला हे चाळिशी उलटेपर्यंत धड माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का? खरं सांगा.

राजवाडा मुळात मराठ्यांचा नव्हेच. सोळाव्या शतकात नायक राजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी पुढे वाढवला. लांबून पाहिलं तर एक उंच, मजल्यामजल्यांचा मनोरा दिसतो, गोपुरासारखा. आमचे हे तर चपला काढायच्या तयारीत होते! पण ते शस्त्रागार होतं म्हणे. आत शिरल्यावर मात्र सरसकट भव्यदिव्य असं काही वाटत नाही. एक चौक, मग दुसरा, मधे कुठेतरी कबुतरं, भिंतीचा एखादा पापुद्रा सुटलेला, एका बाजूला सरकारी कचेरीसारखा दिसणारा भाग. राजघराण्यातली मंडळी अजून आवारात राहतात, त्यांचं स्वतःचं छोटं संग्रहालयही आहे. मराठा दरबाराचे खांब मात्र बघतच राहावेत असे. जाडजूड, रंगवलेले. आपल्याकडच्या वाड्यातल्या लाकडी सुरूच्या खांबांची सवय असलेल्या डोळ्यांना ते आधी जरा भडक वाटतात, मग आवडायला लागतात.

कलादालनात चोळांच्या काळातल्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. त्यांतली एक सांगायलाच हवी. तिरुवेंकाडूची शिवमूर्ती, इसवी सन १०११ची. डोक्यावर जटांचं पागोटं, त्यात साप गुंफलेले, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला, आणि उजवा हात असा आरामात कशावर तरी टेकवलेला. कशावर? नंदीवर. पण नंदी नाहीच. तो कधीकाळी हरवला. त्यामुळे शंकर हवेवर हात टेकून हजार वर्षांचा निवांत उभा आहे. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी लेकीने हाताला धरून ओढलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नेहमीसारखी प्रवासाची गोष्ट झाली असती. एका मोठ्या दालनात सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. डोक्यावर टोकदार टोपी आणि हात जोडलेले. आपल्याला राजांचे पुतळे कसे माहीत? घोडा, उपसलेली तलवार, बोट क्षितिजाकडे. हा राजा दारात पाहुणे आले असावेत तसा नमस्कार करून उभा. आमच्याबरोबर त्या वेळी महाराष्ट्रातलाच एक ग्रुप होता, वीसपंचवीस जण, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या. त्यांतले एक काका पुतळ्यासमोर थांबले, मान वर करून बघितलं, आणि शेजारच्याला म्हणाले, "याने लढाई कुठली मारली?" शेजारी म्हणाला, "कुठलीच नाही. इंग्रजांचा पेन्शनर." "मग चला पुढे." आणि गेले की पुढे!

मला हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता. मी फक्त मोठ्याने विचारला नाही.

आणि त्या शेजाऱ्याचं चूक होतं असंही नाही. सरफोजी दुसरे, जन्म १७७७. तुळजाजीराजांनी मरण्यापूर्वी दत्तक घेतलेला मुलगा. गादीवर बसले ते मात्र तुळजाजींचे भाऊ अमरसिंग. या पोराचं काही बरंवाईट होईल म्हणून श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याला सांभाळलं, पुढे मद्रासला नेऊन शिकवलं. १७९८ ला इंग्रजांनी सरफोजींना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. उरलं काय, तर तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. वय वर्षं बावीस. राजा म्हणायचं, पण राज्य नाही. फौज नाही, मोहीम नाही, चौथाई नाही.

अशा बावीस वर्षांच्या तरुण माणसाने पुढची तेहतीस वर्षं काय करावं? बहुतेकांनी जे केलं असतं ते आपण जाणतो: शिकार, नाच, रुसवेफुगवे, रेसिडेंटाकडे तक्रारी. सरफोजींनी हे काहीच केलं नसेल असं माझं म्हणणं नाही. राजेच होते शेवटी. पण त्यांनी मुख्यतः पुस्तकं जमवली. राजवाड्यातला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह नायकांच्या वेळेपासून होता, सरफोजींनी तो कुठल्या कुठे नेला. १८२०-२१ मध्ये मोठा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला गेले आणि येताना गंगेबरोबर पोथ्या आणल्या. जिथे विकत मिळाल्या तिथे विकत घेतल्या, नाही तिथे नकला करवल्या. आज तिथे एकोणपन्नास हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत, बहुतेक संस्कृत, पण तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं.

१८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरीचा छापखाना काढला. १८०५ म्हणजे पुण्यात दुसरा बाजीराव होता आणि आपल्याकडे मराठी पुस्तक छापायचं म्हणजे काय हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. 'धन्वंतरी महाल' नावाने औषधांचं संशोधन चाले. राजेसाहेबांना डोळ्यांच्या आजारांत विशेष गती. रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून, उपचारांच्या नोंदींसकट जपून ठेवलेली आहेत. ती चित्रं बघताना लेक (जी सध्या मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जिला इतिहास म्हटलं की जांभई येते) पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "आई, ही केसशीट आहे!"

आणि माझं सगळ्यांत आवडतं म्हणजे 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार, त्यात भविष्य सांगणारी रानातली बाई असते. सरफोजींनी तो साचा घेऊन मराठीत नाटक लिहिलं आणि त्यात ती बाई कुणाचं लग्न कधी होणार ते सांगायच्या ऐवजी जगाचा भूगोल सांगते. देश, खंड, समुद्र! दक्षिणेतल्या दरबारात, तमिळ साच्यात, मराठी भाषेत, युरोपातून शिकलेला भूगोल नाचून दाखवायचा. मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं. त्यांना मराठी येत नव्हतं. असो.

(सांबाराची गोष्टही गाइड लोक सांगतातच: संभाजीराजे आले, आमसूल संपलं, चिंच घातली, म्हणून सांबार. गोष्ट छान आहे, पण तिला त्या काळातला काही आधार कुणी दाखवलेला मी तरी वाचला नाही. पुरावा सांबाराहून पातळ. आपल्याला ही एक गोष्ट मात्र पक्की पाठ असते आणि कुरवंजी माहीत नसते, यावर काय बोलावं!)

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. सरस्वती महालाच्या ग्रंथालयात आपल्यासारख्यांना सरळ पोथ्यांपर्यंत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एक छोटं संग्रहालय आहे, तिथे काचेखाली निवडक गोष्टी मांडल्या आहेत. माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून साम्य दाखवणारी फ्रेंच चित्रं आहेत. (त्यातला एक घुबडाचा चेहरा आमच्या एका नातेवाइकांसारखा आहे. नाव सांगणार नाही.) चित्रं, पोथ्या, ताडपत्रं बघत बघत पुढे जाताना एका काचेपाशी मी थबकले. लांब उभा कागद. काळी शाई. वर एक ओढलेली रेघ आणि त्या रेघेला लोंबकळणारी, एकमेकांत पाय अडकलेली अक्षरं. मोडी.

लेकीने विचारलं, "काय लिहिलंय?"

"मराठी आहे," मी म्हटलं.

"हो, पण काय लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. एक 'श्री' असावा असं वाटलं, तोही अंदाजाने. तेवढ्यात तिथल्या एका कर्मचाऱ्याने आमचं बोलणं ऐकून इंग्रजीत विचारलं, महाराष्ट्रातून आलात का? मी म्हटलं, हो, पुण्याहून. मान चांगली ताठ करून म्हटलं. त्या माणसाचा चेहरा उजळला. कागदाकडे हात करून म्हणाला, मग तुम्ही हे वाचू शकता!

मी नाही म्हणाले. त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तो अगदी सभ्यपणे हसला आणि म्हणाला, आमच्याकडे वाचणारी माणसं आहेत, शिकली आहेत. तमिळ माणसं.

मंडळी, त्या एका वाक्याने माझी ताठ झालेली मान जिथे गेली तिथून ती अजून पूर्ण वर आलेली नाही.

कारण तंजावरच्या मोडी कागदांचे नुसत्या ग्रंथालयात १३४२ रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. राज्याच्या कारभाराचे, खर्चाचे, देणग्यांचे, रोजच्या उलाढालीचे कागद. भाषा मराठी. त्यांतल्या निवडक कागदांचं भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापलेलं आहे, तमिळमध्ये. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात कुणाला किती धान्य मिळालं हे आपल्याच भाषेत लिहून ठेवलेलं आज कुणाला सहज वाचायचं असेल, तर त्याला तमिळ यावं लागतं. त्यांचे मी उपकारच मानते. शेजाऱ्याने आपल्या आजीची पत्रं शिकून वाचावीत आणि आपण तिच्या फोटोला हार घालावा, असा हा प्रकार.

तंजावरने आधीही एकदा आपल्यावर असे उपकार केलेले आहेत. कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतलं, त्यांच्याच पदरच्या कवीने लिहिलेलं संस्कृत चरित्र. महाराजांवर दोन शब्द बोलणारा कोणीही आज त्याचा आधार घेतो. त्याची पोथी मिळाली ती तंजावरला. सदाशिव महादेव दिवेकरांनी ती शोधून १९२७ मध्ये छापली. रायगडावरचा दप्तरखाना लढायांत गेला, आणि तिकडे हजार किलोमीटरवर, ज्यांनी "लढाई कुठली मारली" असं आपण विचारतो त्यांच्या घरात पोथी राहिली.

१८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक गेले आणि कंपनीने राज्य खालसा केलं, खाजगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईंचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १८५९ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. पुढे बरीचशी मालमत्ता सरकारने परत केली. त्या सगळ्या धुमश्चक्रीतून कागद वाचले. १९१८ मध्ये ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला झाला. एवढ्या माणसांनी एवढ्या वेळा ते फेकले नाहीत.

आता आमचा बंब.

साताऱ्याजवळ आमच्या गावी वाडा होता. वाडा म्हणजे राजवाडा नव्हे, दोन चौकी, पुढची पडवी ढासळलेला. माळ्यावर एक लाकडी पेटी होती, लोखंडी पट्ट्यांची. तिच्यात लाल फडक्यात बांधलेले कागद. जाड, पिवळसर, हाताला खरखरीत. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, ते वाचायचे. त्यांना मोडी शाळेत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ते पेटी उघडून बसले की आम्ही भोवती गोळा व्हायचो, कारण कागदांवर शाई टिपायला टाकलेली बारीक वाळू अजून चिकटलेली असायची आणि ती उन्हात चमकायची. अण्णा वाचता वाचता मधेच हसायचे. "काय झालं अण्णा?" विचारलं की म्हणायचे, "काही नाही रे, शेजाऱ्याशी आडाच्या पाण्यावरून भांडण." कुणाचं, कधीचं, आम्ही कधी विचारलं नाही. आमचं लक्ष वाळूकडे.

अण्णा १९८२ ला गेले. १९८४ च्या दिवाळीत सगळे गावी जमलो होतो. नरकचतुर्दशीची पहाट, कडाक्याची थंडी, पंधरावीस माणसांच्या आंघोळी आणि बंब पेटेना. गोवऱ्या दमट होत्या. नानाकाका म्हणाले, "माळ्यावर रद्दी आहे बघ अण्णांची, आण थोडी." मी अकरा वर्षांची. सगळ्यांत चपळ, म्हणून मलाच धाडलं. मी शिडीवरून चढले आणि फ्रॉकच्या ओच्यात भरून कागद आणले. ते जाड असल्यामुळे पटकन पेटत नव्हते, पण पेटले की छान जळायचे, बराच वेळ. मी तीन खेपा केल्या. शाबासकी मिळाली. तीन दिवस बंब त्यावर पेटला.

कुणालाच काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर कधीतरी आम्ही तांब्यापितळेची भांडी कुणाकडे किती गेली यावरून दहा वर्षं अबोला धरला, पण त्या कागदांवरून आमच्यात एक शब्दही झाला नाही. बंबही वाटणीत मोजला होता. तो आता एका चुलत भावाच्या बंगल्यात दारापाशी पॉलिश करून ठेवलाय, वर मनीप्लांट. येणारे विचारतात, वा, अँटिक का?

काचेपाशी उभी असताना मला हे सगळं आठवलं. आपण चिडतो, परकीयांनी आपला इतिहास जाळला, अमक्याने लुटला, तमक्याने दडवला. जळला असेलही. पण मी स्वतः जाळलेला मला माहीत आहे. सणाच्या दिवशी, तेल-उटणं लावून.

मोडी अवघड असते असं आपण एकमेकांना सांगतो. थोडी आहेच. बोरू न उचलता भराभर लिहायची लिपी, त्यामुळे अक्षरं एकमेकांत शिरतात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. पण बाराखडी काही महिन्यांत येते, मग पुढे नुसती नजर बसवायची. महाराष्ट्र सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग आणि परीक्षा होतात. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे. म्हणजे सोय नाही असं म्हणायला तोंड नाही. आपण फ्रेंच-जर्मनचे क्लास लावतो, जपानी शिकतो (आमच्या घरात दोघांनी शिकून सोडलंय), आणि जी लिपी आपल्याच भाषेची, पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत घराघरातल्या म्हाताऱ्यांना सहज वाचता यायची, ती शिकायला म्हणे वेळ नाही.

यावर कुणीतरी म्हणेल, आणि आमच्या घरात म्हणालेच, की त्या कागदांत असतं काय? वतनाची भांडणं, जमाखर्च, गुळाचे भाव. सगळ्यांनी काय संशोधक व्हायचंय? आणि दुसरं, राजाने पुस्तकं जमवली ती रयतेच्या पैशातून, त्यात काय एवढं कौतुक. दुसऱ्या मुद्द्याशी मी बरीचशी सहमत आहे. तो वसुलाचा पाचवा हिस्सा कावेरीकाठच्या शेतात राबणाऱ्यांच्या घामाचा होता आणि त्यांचे पुतळे कुठल्याही दालनात नाहीत. पण म्हणूनच तर जमाखर्च वाचायचा! शेतात राबणारा, पालखी उचलणारा, देवळात दिवा लावणारा, याचं नाव कुठे सापडलं तर त्या कंटाळवाण्या कागदातच सापडेल. संगमरवरात नाही सापडणार. आणि आडाच्या पाण्याचं भांडण तरी क्षुल्लक का असावं? ते कुणाचं होतं हे कळलं असतं तर आज गावातल्या अर्ध्या घरांकडे मी वेगळ्या नजरेने बघितलं असतं. कदाचित पाणी द्यायला नकार देणारे आम्हीच असू. तेही कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोठ्या देवळात गेलो, ते भिंतीवरचा लेख बघायला. सरफोजींनी भोसले कुळाची हकीकत १८०३ मध्ये देवळाच्या आवारात कोरून घेतली. मराठीत, देवनागरीत, ओळींमागून ओळी, चालत चालत वाचावी लागते एवढी लांब. ती मात्र मला वाचता येत होती. अक्षर न् अक्षर लावत पुढे सरकत होते आणि लेक मागून मोबाइलवर फोटो घेत होती. तिथे मोठ्या ग्रुपमधले तेच कालचे काका भेटले. ते भिंतीला हात लावून उभे होते. मला म्हणाले, "ताई, मराठी आहे हो ही." त्यांचे डोळे भरले होते. काल मी त्यांना मनात हसले होते, त्याची मला लाज वाटली. जे वाचता आलं त्याने तो माणूस हलला. पुतळ्यापाशी त्यांना वाचण्यासारखं काही नव्हतंच.

परत आल्यावर मी मोडीच्या वर्गात नाव घातलं. शनिवार संध्याकाळ. वर्गात बावीस जण आहेत, त्यांत दोन वकील (जमिनीच्या दाव्यांसाठी!), एक रिटायर्ड बँक मॅनेजर, तीन कॉलेजची मुलं आणि एक आजी ज्यांना फक्त नवऱ्याच्या खापरपणजोबांची सही वाचायची आहे. माझं 'स' आणि 'म' मध्ये अजून गोंधळ होतो. परवा एका सरावाच्या कागदावर मी मोठ्या आत्मविश्वासाने जे वाचलं ते ऐकून सगळा वर्ग हसला.

आणि आता आत्यासाठी. आत्या, वाडा विकला तेव्हा पेटीच्या तळाशी उरलेलं एक लाल फडकं तू सांगलीला नेलं होतंस, अण्णांची आठवण म्हणून. आई म्हणाली की ते अजून तुझ्या देवघराच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, आणि तू यंदा पाडव्याच्या आधी कपाट आवरणार आहेस. तेवढं ते आवरू नकोस. वाळवी नाही ना ते फक्त बघ, उन्हात टाकू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस. मी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. येताना चष्मा आणि भिंग दोन्ही आणते.